वहाण कोणी शिवली?

गेल्या दिवाळीनंतरची आपल्या मंडळाची बैठक आटोपून चहापान चालले होते. दाराबाहेर काढून ठेवलेल्या पादत्राणांकडे बोट दाखवून एक ज्येष्ठ स्नेही उद्गारले, "हे पाहा, बारा हजारांचे बूट! माझ्या नातवाचे. बारा हजारांत माझ्या वडिलांनी मुलीचे लग्न उरकले होते." हशा पिकला. मग तरुण पिढीची उधळपट्टी, नाममुद्रांचा सोस, मातीपासून तुटणे या आपल्या नेहमीच्या विषयांवर अर्धा तास चर्चा रंगली. "आमच्या पायात अजून कोल्हापुरी आहे," असे कोणीतरी अभिमानाने म्हणाले आणि उपस्थित सर्वांनी मान डोलावली. त्या माना डोलावणाऱ्यांत मीही होतो. प्रस्तुत लेख हे त्या डोलावलेल्या मानेचे प्रायश्चित्त समजावे.

त्यानंतरच्याच आठवड्यात माझ्या नातवाबरोबर घोडदोड रोडवरील एका बुटांच्या दुकानात जाण्याचा प्रसंग आला. कॉलेजात पहिला वर्ग मिळाल्याबद्दल त्याला बूट घेऊन देण्याचे मी कबूल केले होते. काचेच्या फळ्यांवर एकेक बूट मखरात बसवावा तसा मांडला होता आणि प्रत्येकावर स्वतंत्र दिवा सोडला होता. किंमत पाहून मी गप्प झालो, पण नातू बोलत राहिला. हा नमुना प्रथम १९८५ साली बाजारात आला, मायकेल जॉर्डन या बास्केटबॉलपटूच्या नावाने तो ओळखला जातो, अमुक रंगसंगती तमुक साली काढली होती, असे सारे त्याला तोंडपाठ होते. शेवटी तो म्हणाला, "असाच दिसणारा 'फर्स्ट कॉपी' बाजारात दीड हजाराला मिळतो." मी तत्परतेने म्हणालो, "मग तोच घे की! पाहणाऱ्याला काय कळते?" त्यावर तो सहज म्हणाला, "आजोबा, पण मला कळेल ना."

आम्ही काहीच न घेता परतलो. घराच्या पायऱ्या उतरताना दोन दिवसांनी माझ्या कोल्हापुरीच्या टाचेचा तळ सुटला. ती चप्पल मी इथल्याच एका प्रदर्शन-विक्रीत, विक्रेत्याशी घासाघीस करून, शंभर रुपये कमी करवून घेतली होती. उलटून पाहिली, तर चामड्याच्या दोन पातळ थरांमध्ये पुठ्ठा भरलेला, वरचा पट्टा रेक्झिनचा, आणि सारे काही डिंकासारख्या चिकट पदार्थाने जोडलेले. शिलाई होती ती नुसती दिसण्यापुरती. म्हणजे नातवाने नकली बूट नाकारला होता, आणि त्याला मातीपासून तुटलेला म्हणणारा मी तीन वर्षे नकली कोल्हापुरी घालून अस्मितेच्या गप्पा मारत होतो!

हा दोष केवळ माझ्या बावळटपणाचा असता, तर त्यासाठी त्रैमासिकाची पाने अडवली नसती. पण गेल्या वर्षी आपण सर्वांनी जो संताप व्यक्त केला, त्याच्याशी या सुटलेल्या तळाचा निकटचा संबंध आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्रादा या विख्यात कंपनीने मिलानच्या फॅशन सप्ताहात पुरुषांसाठीच्या पोशाखांसोबत अंगठ्याची चामडी चप्पल दाखवली. ती उघडउघड कोल्हापुरी होती, परंतु कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, वृत्तपत्रे तापली, आणि कंपनीला या चपलेमागे भारतीय कारागिरांची परंपरा असल्याचे मान्य करावे लागले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. याचिकाकर्ते हे नोंदणीकृत मालक नाहीत, या मुद्द्यावर जुलैमध्ये ती फेटाळली गेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्रादाने महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याशी करार केला. दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घ्यायचे आणि सुमारे आठशे युरोंना विकायचे, असे तेव्हा जाहीर झाले. आठशे युरो म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून अधिक. तीच वहाण आपल्याकडे हजार-दीड हजारात मिळते, आणि तेवढेही आपल्याला जड वाटतात.

त्या जून-जुलैमध्ये आपण सारे किती चिडलो होतो! पाश्चात्त्यांनी आमचा वारसा चोरला, आमचे नाव पुसले, असे प्रत्येक घरात बोलले गेले. त्या संतापातील 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, हा माझा साधा प्रश्न आहे. मी घरातील या त्रैमासिकाचे जुने अंक काढून चाळले. पैठणीवर लेख सापडले, गणेशोत्सवावर सापडले, पुरणपोळीच्या खानदेशी मांड्यांवरही एक रसाळ लेख सापडला. वहाणेवर ओळही नव्हती. ज्या वारशाची चोरी झाली म्हणून आपण छाती पिटली, तो आपल्या दृष्टीने वारसा होता तरी केव्हा? चोरी झाल्यावरच ज्या वस्तूची किंमत कळते, ती वस्तू आपण कोनाड्यात धूळ खात टाकलेली असते.

कोल्हापुरीची थोडी माहिती येथे देणे अप्रस्तुत ठरणार नाही, कारण ती आपल्यापैकी फार थोड्यांना असावी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, ती महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना संयुक्तपणे. आपल्याकडील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि पलीकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर, अशा आठ जिल्ह्यांतच बनलेली वहाण कायद्याने 'कोल्हापुरी' ठरते. सीमाप्रश्नावर सात दशके भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका वहाणेखाली एकत्र सही केली, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अस्सल वहाणेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते, आणि त्या कमावण्यालाच कित्येक आठवडे जातात. तिला खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. वरच्या पट्ट्यावरील वेणी बहुधा घरातील स्त्रिया विणतात. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कुरुंदवाडी ही तिच्या घडणींची आणि गावांची नावे. माझ्या नातवाला बुटांचे पंधरा नमुने सालासकट सांगता येतात. मला ही चार नावे गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती.

हे अज्ञान का, याचा शोध घेतला की आपल्याच भाषेत त्याचे उत्तर सापडते. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपल्या आज्यांच्या तोंडी सुनांसाठी होती, आजोबांच्या तोंडी नोकरचाकरांसाठी होती, आणि गावाच्या तोंडी जातींसाठी होती. जिला आपण पायरीवर उतरवून मगच घरात शिरतो, तिला घडवणाऱ्यालाही आपण पायरीखालीच उभे केले. गावोगावी दलितांना वरिष्ठ जातींच्या आळीतून जाताना पायातली पादत्राणे काढून हातात घ्यावी लागत. सगळ्या गावाच्या वहाणा जो समाज शिवी, त्यालाही ही सक्ती चुकली नव्हती. कारागिराच्या जातीचे नाव आपण शिवी म्हणून वापरले, आणि आज त्याच्या हातची वस्तू अस्मितेचे चिन्ह म्हणून मिरवतो. एकीकडे दर आषाढी वारीत आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत बसून पंढरीला निघतात आणि लाखो लोक त्यांच्यापुढे माथा टेकवतात. पादुकांना पालखी आणि त्या घडवणाऱ्याला वेशीबाहेरची जागा, हा आपला हिशेब शतकानुशतके असाच चालत आला.

त्या कारागिरांच्या स्वतःच्या परंपरेत मात्र वहाणेची कथा वेगळी आहे. बाराव्या शतकातील शरण हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने आपल्याच मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या, असे ती परंपरा सांगते. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, आणि त्या अपराधाबद्दल बिज्जल राजाने दोघाही पित्यांना मृत्युदंड दिला, असेही ती सांगते. वहाण शिवणाऱ्याने माणूस म्हणून बरोबरीला बसायचे ठरवले की काय होते, हे कल्याणच्या त्या कथेत आहे. आपल्या म्हणीत तिचा मागमूसही नाही.

माझे स्नेही आता म्हणतील, की जातीचा विषय कशाला उकरून काढता, आपण बुटांविषयी बोलत होतो. बुटांविषयीच बोलतो. मुंबईत सुधीर राजभर या तरुण कलावंताने धारावीतील चर्मकारांना सोबत घेऊन एक व्यवसाय उभा केला आणि त्याचे नाव ठेवले 'चमार स्टुडिओ'. जो शब्द तोंडावर फेकला जाई, तोच त्याने वस्तूवरील नाममुद्रा म्हणून कोरला. टाकाऊ रबरापासून बनलेल्या त्याच्या पिशव्या परदेशी प्रदर्शनांत पोहोचल्या आहेत. त्याला जे उमगले ते आपल्याला उमगत नाही. वस्तूला प्रतिष्ठा हवी असेल, तर ती घडवणाऱ्याच्या नावाला आधी द्यावी लागते.

आता नातवांच्या बाजूकडे वळतो, कारण त्यांनाही मी मोकळे सोडणार नाही. परदेशी बुटांच्या जगात नाव जपले जाते हे खरे, पण कोणाचे? १९७१ साली अमेरिकेतील कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने नायकी कंपनीचे ते सुप्रसिद्ध बाकदार चिन्ह काढून दिले, तेव्हा तिला पस्तीस डॉलर मिळाले. पुढे कंपनीने तिला भागही दिले. तिचे नाव आपल्याला निदान ठाऊक तरी आहे. पण त्याच बुटाचा तळ चिकटवणाऱ्या व्हिएतनाममधील किंवा इंडोनेशियातील मुलीचे नाव कोणत्या डब्यावर आहे? बुटाच्या जिभेवर देशाचे नाव असते, माणसाचे नसते. १९९० च्या दशकात या कारखान्यांतील मजुरीविरुद्ध अमेरिकेतच आंदोलने झाली, आणि १९९८ साली कंपनीच्या प्रमुखाला सुधारणांची जाहीर ग्वाही द्यावी लागली. तेव्हा तेरा हजार रुपये मोजले म्हणजे कारागिराचा मान राखला, असे माझ्या नातवाने समजू नये. त्यातले बहुतेक पैसे चिन्हाला गेलेले असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदास कंपनीवर जी पाळी आली, ती या दृष्टीने फार बोलकी आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात विल्या इदाल्गो यालालाग नावाचे गाव आहे. तेथील आदिवासी कारागीर चामड्याच्या पट्ट्या विणून 'वाराचे' नावाची वहाण करतात. कंपनीने एका अभिकल्पकाकरवी त्याच विणीचा वरचा भाग आणि खाली खेळाच्या बुटाचा तळ, असा नमुना गावाला न विचारता काढला. मेक्सिकोचे सरकार गावाच्या पाठीशी उभे राहिले, आणि कंपनीच्या प्रतिनिधीने त्या गावात जाऊन जाहीर क्षमा मागितली. दोनच महिन्यांच्या अंतराने दोन खंडांतल्या दोन वहाणांवर सारखाच प्रसंग आला. पण यालालागचे लोक आपल्या वहाणेसाठी भांडले तेव्हा ती त्यांच्या स्वतःच्या हातची होती. आपण भांडलो ते दुसऱ्याच्या हातच्या वहाणेसाठी, आणि तो दुसरा माणूस कोण हे आपण कधी विचारले नव्हते.

सुरतेत राहून नकलेविरुद्ध बोलणे तसे अवघडच आहे, हे मी जाणतो. आपली ही नगरी साऱ्या देशाला साड्या पुरवते, आणि त्यांत येवल्या-पैठणच्या नक्षीची छापील नक्कल पॉलिएस्टरवर उतरवून काहीशे रुपयांत विकली जाणारी 'पैठणी'ही असते. तिच्यावर आपल्यातील अनेकांची चूल पेटते. ताप्ती लाइनने खानदेशातून आलेले आपले बांधव उधना, लिंबायत, डिंडोलीत राहून त्याच मागांवर आणि छपाईच्या कारखान्यांत राबतात. त्यांच्या घामाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण दुसरी बाजूही याच नगरीत आहे. अस्सल पैठणीच्या काठापदराला लागणारी जर सुरतेहून जाते. सुरतेच्या जरीलाही भौगोलिक निर्देशन लाभले आहे, आणि तिचे कारागीर प्लॅस्टिकच्या चकचकीत जरीपुढे हतबल झाले आहेत. म्हणजे नक्कल करणारी आणि नकलेने मरणारी, अशी दोन्ही घरे एकाच गावात आहेत. नकलेची किंमत शेवटी कोणाच्या खिशातून जाते, हे सुरतकरांहून अधिक कोणाला कळावे? आणि तरीही मीच नातवाला 'फर्स्ट कॉपी' घ्यायला सांगत होतो.

काही आक्षेप मला ऐकू येत आहेत. पहिला असा, की कोल्हापुरी चावते, पावसात भिजली की बिघडते, तरुणांना ती कशी परवडावी? चावते हे खरे. चार दिवस तेल लावून, थोडी थोडी चालून ती पायाची करून घ्यावी लागते. सुरतेच्या पावसाळ्यात ती घालू नयेच. त्या चार महिन्यांत रबरी चप्पल किंवा नातवाचे बूटच बरे. वर्षभर कोल्हापुरीच घाला, असा माझा आग्रह मुळीच नाही. लहानपणी आपण शाळेत पांढरे कॅनव्हासचे बूट घालीत होतो आणि शनिवारच्या कवायतीसाठी त्यांना खडू फासत होतो. ते बूट काही महाराष्ट्राच्या मातीतून उगवले नव्हते. ज्या कंपनीमुळे ते भारतभर पोहोचले, ती मूळची झेक. त्या बुटांनी आपली संस्कृती बुडाली नाही, तर या बुटांनीही बुडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आम्ही परक्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, कोणी चौथाईच्या काळात आले, कोणी गायकवाडांच्या चाकरीतून, कोणी रेल्वे-टपालाच्या नोकरीतून. १९६० साली राज्ये वेगळी झाली तरी आम्ही येथेच राहिलो. आम्हाला मराठीपण टिकवायला काही खुणा हव्यात; त्या खुणांची अशी चिकित्सा कराल तर हाती काय उरेल? या प्रश्नातील वेदना मला समजते, कारण ती माझीही आहे. पण ज्या खुणेमागचा माणूस आपल्याला ठाऊक नाही, ती खूण पुठ्ठा भरलेल्या चपलेसारखीच असते. दिसायला ठीक, पण पहिल्याच पायरीवर सुटणारी. मुळापासून दूर राहणाऱ्यांनी तर मूळ अधिकच नेमकेपणाने ओळखले पाहिजे. गावात राहणाऱ्याला शिवणाऱ्याचे घर दिसते. आपल्याला ते विचारूनच कळणार.

आणि आता विचारणे पूर्वीइतके अवघडही राहिलेले नाही. प्रादाच्या प्रकरणानंतर महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने अस्सल कोल्हापुरीवर एक संकेतचौकोन लावण्याची योजना आणली. मोबाइलने तो टिपला, की वहाण कोणत्या कारागिराने किंवा बचतगटाने, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पद्धतीने आणि कशापासून बनवली, हे समोर येते. वहाणेवर शिवणाऱ्याचे नाव! आपल्या आजोबांना ही कल्पना हास्यास्पद वाटली असती. माझ्या नातवाला ती अगदी स्वाभाविक वाटते, कारण वस्तूची जन्मकथा विचारूनच खरेदी करायची, ही सवय त्याला त्याच्या बुटांनी लावली आहे. त्या सवयीला केवळ चैन म्हणून हिणवणे मी आता थांबवले आहे. ती सवय बुटाच्या चिन्हापाशी न थांबता शिवणाऱ्या हातापर्यंत जावी, एवढेच त्याला सांगायचे राहिले आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे दोन गोष्टी स्पष्टपणे ठेवतो. दिवाळीच्या विक्री-प्रदर्शनात यापुढे वहाणांचा गाळा लागेल, तो त्या आठ जिल्ह्यांतील कारागिराचा किंवा त्यांच्या बचतगटाचाच असावा आणि गाळ्यावर शिवणाऱ्याचे नाव ठळक असावे. आणि त्या गाळ्यावर आपण कोणीही भाव पाडून मागू नये. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मुकाट्याने पाकीट काढणारे आपण, जमिनीवर बसलेल्या कारागिराशी मात्र पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो. या घासाघिशीला काटकसर म्हणू नये. वर सांगितलेल्या म्हणीचेच ते आजचे रूप आहे.

सुटलेल्या तळाची ती चप्पल मी अजून टाकलेली नाही. दाराशी, येताजाता दिसेल अशी ठेवली आहे. नातवाला त्याचे बूट मी घेऊन दिले, अस्सल, पूर्ण किमतीचे. माझ्यासाठी कागल तालुक्यातील एका कारागिराकडून जोड मागवला आहे. त्याने पायाचे माप कागदावर काढून मागितले, तेव्हा नातवाने माझा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. वहाण येईल तेव्हा ती कोणी शिवली, हे आमच्या घरात दोघांना ठाऊक असेल. पुढच्या बैठकीत दाराबाहेरच्या ढिगाकडे बोट दाखवून कोणी काही बोलू लागले, तर आधी त्यांनी आपल्या वहाणेविषयी एवढे सांगावे, ही विनंती.